एक लाख शाळा, की २७?

"बंगाल-बिहारात एकेकाळी एक लाख शाळा होत्या." ही पोस्ट तुम्हीही फॉरवर्ड केली असेल. आकडा विल्यम ॲडम या स्कॉटिश गृहस्थाच्या १८३५ च्या पहिल्या अहवालातला. पण तो मोजलेला नव्हता. गावं सुमारे दीड लाख, त्यातली एक तृतीयांश वजा केली, उरलेल्या प्रत्येक गावात एक शाळा धरली. झाल्या लाख! १९३१ मध्ये गांधीजी लंडनमध्ये याच विषयावर बोलले, फिलिप हार्टॉग यांनी पुरावा मागितला आणि वाद पेटला.

मला मोठी वाटते ती ॲडमची पुढची पायरी. तो राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर भागात प्रत्यक्ष मोजायला गेला. ४८५ गावांत प्राथमिक शाळा निघाल्या २७, त्यात मुलं २६२. आणि घरीच शिकणारी मुलं? २,३८२! 'शाळा' कशाला म्हणायचं, यावरच सगळं चित्र फिरतं.

आता पदवीच्या पोरांनाही संशोधन आलंय. बऱ्याच प्रकल्पांत मी काय बघतो? व्हॉट्सॲपवर फॉर्म, चाळीस मित्रांची उत्तरं, आणि निष्कर्ष थेट 'ग्रामीण विद्यार्थ्यांचा'.

प्राध्यापक मंडळी, संशोधनाच्या व्याख्या पाठ करून घेण्याआधी पोरांना एखाद्या वाडीवर पाठवा. काय मोजायचं ते आधी ठरवू द्या. मग घरोघर जाऊ द्या. पटावर नसलेलं पोरही वहीत आलं पाहिजे. कमी पटाची शाळा राहणार की जाणार, हे शेवटी अशाच आकड्यांवर ठरतं.