युद्ध जिंकले, पण दुसऱ्या दिवसाचे काय? : 'नो एन्ड इन साइट' आणि इराकचा धडा

युद्ध कोणी जिंकले हे इतिहासाची पुस्तके ठळक अक्षरांत छापतात. युद्ध संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी कोणी सोडले, दवाखान्याच्या दारावर पहारा कोणी ठेवला, शिपायाचा पगार कोणी दिला, हे प्रश्न मात्र तळटीपेतही सापडत नाहीत. सामान्य माणसाचे जगणे-मरणे याच प्रश्नांवर ठरते. म्हणून २००७ साली आलेल्या 'नो एन्ड इन साइट' या माहितीपटाकडे आंबेडकरी तरुणांनी लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते. अमेरिकेने २००३ मध्ये इराकचा ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कोणते निर्णय झाले, कोणी घेतले आणि त्यांचे काय परिणाम झाले, एवढाच या माहितीपटाचा विषय आहे.

दिग्दर्शक चार्ल्स फर्ग्युसन हे मूळचे राज्यशास्त्राचे अभ्यासक. सॉफ्टवेअर कंपनी काढून ती त्यांनी मायक्रोसॉफ्टला विकली आणि नंतर हा पहिलाच माहितीपट केला. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. पुढे २००८ च्या आर्थिक अरिष्टावर त्यांनी 'इनसाइड जॉब' केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. पण आमच्या दृष्टीने पुरस्कारांपेक्षा त्यांची पद्धत महत्त्वाची आहे. युद्धविरोधी नेत्यांची भाषणे गोळा करण्यापेक्षा त्यांनी सरकारच्या आत बसलेल्या माणसांनाच कॅमेऱ्यासमोर बसवले. इराकच्या पुनर्बांधणीचे पहिले प्रमुख जनरल जे गार्नर, राजदूत बार्बरा बोडीन, कर्नल पॉल ह्यूज, परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज. घरातल्याच माणसाने साक्ष दिली की ती खोडून काढणे जड जाते.

तयारी किती होती?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी-जपानचा पराभव व्हायला तीन वर्षे बाकी होती, तेव्हाच, म्हणजे १९४२ मध्ये, अमेरिकन सैन्याने व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे लष्करी प्रशासनाचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली होती. इराकच्या बाबतीत काय झाले? युद्धोत्तर प्रशासनासाठीचे गार्नर यांचे कार्यालय २० जानेवारी २००३ रोजी स्थापन झाले आणि हल्ला सुरू झाला २० मार्चला. अडीच कोटींच्या देशाचा कारभार कसा चालवायचा हे ठरवायला दोन महिने!

अभ्यास झालाच नव्हता असे म्हणावे, तर तेही खरे नाही. परराष्ट्र खात्याने २००२ पासूनच 'फ्यूचर ऑफ इराक' हा प्रकल्प चालवला होता. त्याचे १३ खंड तयार होते. पण युद्धोत्तर कारभाराची सूत्रे संरक्षण खात्याकडे होती आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या खात्याने ते खंड बाजूला ठेवले. २५ फेब्रुवारी २००३ रोजी लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितले की ताबा टिकवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज जाहीरपणे उडवून लावला. म्हणजे माहिती होती, इशारा होता, जाणकारही होते. ऐकण्याची इच्छा नव्हती.

९ एप्रिलला बगदाद पडले आणि लूट सुरू झाली. राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. मंत्रालये जळत होती, पण तेल मंत्रालयाभोवती अमेरिकन पहारा होता. ११ एप्रिलला पत्रकारांनी विचारले तेव्हा रम्सफेल्ड यांनी 'असे प्रकार घडतातच' या अर्थाचे उत्तर दिले. तेलाला पहारा आणि दवाखान्याला नाही, यावरून प्राधान्यक्रम कोणता होता हे वेगळे सांगायला नको.

दोन सह्या

१२ मे २००३ रोजी पॉल ब्रेमर बगदादला आले. १६ मे रोजी त्यांनी आदेश क्रमांक १ काढला : बाथ पक्षाच्या वरच्या चार स्तरांतील सदस्यांना सरकारी नोकरीतून काढा. २३ मे रोजी आदेश क्रमांक २ : इराकी सैन्य बरखास्त. अकरा दिवसांत दोन सह्या.

इथे आमची भूमिका स्पष्ट असली पाहिजे. सद्दाम हुसेनची राजवट गेली याचे आम्हाला दुःख नाही. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडणारी ती राजवट होती. अत्याचार करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षा गुन्ह्याला द्यायची असते. त्या राजवटीत शाळामास्तर, डॉक्टर, इंजिनिअर यांनाही नोकरी टिकवायला पक्षाचे सदस्यत्व घ्यावे लागे. कोणी छळ केला आणि कोणी नुसते कार्ड घेतले, हे न तपासता सरसकट काढून टाकल्याने शाळा आणि कार्यालये ओस पडली. खरे गुन्हेगार बहुतेक आधीच पसार झाले होते.

सैन्याचे तर याहून वाईट झाले. युद्धापूर्वी वॉशिंग्टनमध्ये इराकी सैन्य ठेवायचे असेच ठरले होते. कर्नल ह्यूज बगदादमध्ये इराकी अधिकाऱ्यांशी बोलत होते, पगारासाठी लाखाहून अधिक सैनिकांची नावनोंदणी चालू होती. आणि बरखास्तीचा निर्णय त्यांना बातम्यांतून कळला! सुमारे चार लाख माणसे एका कागदाने बेकार झाली. त्यांच्याकडे शस्त्रे होती, शस्त्रे चालवण्याचे शिक्षण होते, दारूगोळ्याची कोठारे कुठे आहेत हे ठाऊक होते, आणि त्या कोठारांवर पुरेसा पहारा नव्हता. सैनिकांनी निदर्शने केली. नंतर मानधन द्यायचे ठरले, तोवर उशीर झाला होता. त्याच १९ ऑगस्टला बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला झाला आणि सर्जिओ व्हिएरा द मेल्लो यांच्यासह २२ जण मारले गेले. पुढे 'इसिस'च्या लष्करी फळीत सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी दिसले, त्याचे एक मूळ या सहीत आहे. ब्रेमर यांना मात्र डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

माहितीपटाची मर्यादा

एवढे सांगून आम्ही थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. या माहितीपटाचा मुख्य प्रश्न 'ताबा चुकला कसा?' हा आहे. 'ताबा घेण्याचा अधिकार कोणी दिला?' हा प्रश्न मागे राहतो. जणू चांगले नियोजन असते तर दुसऱ्याच्या देशावर चढाई करणे योग्य ठरले असते! शिवाय पडद्यावर इराकी पत्रकार असले तरी बहुतेक वेळ बोलतात ते अमेरिकन अधिकारीच. ज्यांचे घर जळाले त्यांच्यापेक्षा आग विझवायला न आलेल्यांचीच साक्ष जास्त आहे.

आणखी एक मुद्दा आपल्याला जवळचा आहे. जुलै २००३ मध्ये ब्रेमर यांनी २५ जणांचे शासन मंडळ नेमले ते शिया, सुन्नी, कुर्द असा हिशेब करून. मंत्रालये पंथांच्या पुढाऱ्यांत वाटण्याची पद्धत तिथून पक्की झाली. आपल्याकडचे काही लोक हे उदाहरण आरक्षणाच्या विरोधात वापरतील. त्यांना आम्ही सांगतो : शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला संविधानाने हक्काची जागा देणे वेगळे आणि पुढाऱ्यांनी खात्यांची वाटणी करून घेणे वेगळे. इराकी तरुण २०१९ मध्ये रस्त्यावर उतरले ते या वाटणीच्या विरोधात.

बाबासाहेबांचे युद्धोत्तर नियोजन

युद्धानंतरचे नियोजन हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये, युद्ध संपायला जवळजवळ दोन वर्षे असताना, ते पुनर्रचना समितीत युद्धोत्तर वीजनिर्मितीवर बोलत होते. वीज हवी औद्योगिकीकरणासाठी आणि औद्योगिकीकरण हवे दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसाला सोडवण्यासाठी, अशी त्यांची मांडणी होती. जानेवारी १९४५ मध्ये दामोदर खोऱ्याच्या योजनेवरील कलकत्त्याच्या परिषदेत ते अध्यक्षस्थानी होते. ब्रिटिश सरकार जनतेची काळजी घेत होते असा याचा अर्थ नाही. १९४३ मध्येच बंगाल उपाशी मरत होता. पण त्याच सरकारात बसलेला एक माणूस विचारत होता की युद्ध संपल्यावर मजुराच्या हाती काय येणार? रम्सफेल्ड यांच्या खात्यात हा प्रश्न विचारणारा कोणी निर्णयाच्या खुर्चीवर नव्हता. आमच्या मते फरक इथेच आहे. नियोजनाच्या टेबलावर कोण बसते यावर नियोजनात कोणाचा जीव मोजला जातो हे ठरते.

आपण काय घ्यायचे?

रम्सफेल्ड, चेनी, राइस, ब्रेमर यांनी मुलाखत द्यायला नकार दिला. फर्ग्युसन यांनी तो नकारही नोंदवला. हीच आपल्यासाठी शिकवण आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण गेले. त्या घटनेपासून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रडणाऱ्या आईचे चित्रण आपण करतो, ते केलेच पाहिजे. पण आदेश कोणाचा होता, तारीख कोणती, सही कोणाची, आधी इशारा कोणी दिला होता, तो कोणत्या टेबलावर अडला, हेही विचारून नोंदवले पाहिजे. जो बोलायला नकार देतो त्याचे नाव आणि नकाराची तारीख लिहून ठेवली पाहिजे.

'चूक झाली' या वाक्यात कर्ता नसतो. सत्तेला असेच वाक्य आवडते. त्या वाक्याला कर्ता जोडणे हे इतिहासकाराचे काम आहे आणि ते काम आता आपल्यालाच करावे लागेल.