उलटलेली म्हैस आणि पेशीतला लगाम

शाहूवाडी तालुक्यात म्हैस ‘उलटली’ म्हणजे काय, हे डेअरीला दूध घालणाऱ्याला सांगावे लागत नाही. फळवलेली म्हैस तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, भाकडकाळ वाढतो, दुधाचे बिल आटते. इथल्या गोठ्यांत मी एक गोष्ट नेहमी पाहिली आहे. दोष पहिल्यांदा म्हशीलाच लागतो. तीन-चारदा उलटली की ती बाजाराला निघते. रेतातल्या पेशींची चौकशी कोणी करत नाही. म्हणून त्या पेशींचा इतिहास मांडावासा वाटला.

१६७७ मध्ये लेव्हेनहूकला सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची वळवळ दिसली. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत संपत कुमारन यांनी भारतात कृत्रिम रेतन सुरू केले. १९४९ मध्ये ग्लिसरॉल घालून रेत गोठवता येते, हे इंग्लंडमध्ये पोल्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून ते खेडोपाडी जाऊ लागले. १९६३ मध्ये कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ आणि १९६७ मध्ये मणिभाई देसाईंची उरुळी कांचनची ‘बाएफ’ उभी राहिली. या साऱ्या काळात तपासणीत प्रश्न एकच असे : शुक्राणू हलतो का? तो कशामुळे हलतो, हे नंतर उलगडले.

शुक्राणूत गुणसूत्रे इतकी घट्ट आवळलेली असतात की नवी प्रथिने जवळपास तयारच होत नाहीत. आहेत त्याच प्रथिनांवर फॉस्फेट चढवून किंवा उतरवून काम भागवावे लागते. ही चढउतार करतात ती एन्झाइमे, म्हणजे विकर. मादीच्या जननमार्गातल्या बायकार्बोनेटने एक विकर जागे होते, ते चक्रीय एएमपी बनवते, त्यातून प्रोटीन कायनेज-ए कामाला लागते आणि शेपटीचा वेग वाढतो. १९७१ मध्ये गार्बर्स आणि सहकाऱ्यांनी वळूच्या शुक्राणूंना कॅफिन दिले. चक्रीय एएमपी मोडणारे विकर त्याने अडले आणि हालचाल वाढली.

लगामही आहे. वृषणातून निघालेला शुक्राणू पोहू शकत नाही. ते बळ अधिवृषणातल्या प्रवासात येते. १९९६ मध्ये विजयराघवन आणि सहकाऱ्यांना वळूत आढळले की या वाटेवर जीएसके-३ आणि पीपी-१ या दोन विकरांचे काम मंदावते. म्हणजे लगाम सैल होतो. २००४ मध्ये बायकार्बोनेटने जागे होणारे विकर नसलेले उंदीर तपासले गेले. त्यांचे शुक्राणू दिसायला धड होते, पण पुढे सरकत नव्हते. ते नर वांझ निघाले.

‘वांझ’ हा शब्द आपण नराला कधी लावला? गोठ्यात म्हशीला आणि घरात सुनेला तो सहज चिकटतो. म्हैस उलटण्याला माजाची चुकलेली वेळ, आजार, चाऱ्यातली उणीव अशी कारणे असतात, हे खरेच. पण गोठवून वितळवलेल्या शुक्राणूंतले बरेच मरतात, उरलेल्यांतही हे संकेत वेळेआधीच सुरू होऊन ते लवकर दमतात. म्हणून पुढच्या वेळी म्हशीचे दावे सोडण्याआधी तिची तपासणी करावीच. सोबत रेत कोणत्या वळूचे होते, कसे साठवले, कसे वितळवले, हेही विचारावे.