दारफळणी आणि दसरा

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आला आणि आमची दारफळणीही नेमकी त्याच दिवशी. २०२५ ला पुन्हा तेच, २ ऑक्टोबरला. बंगळूरच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी मोठी गंमत असते. आदल्या दिवशीच्या आयुधपूजेचे कुंकू भरून फोडलेले कोहळे रस्त्यात पडलेले, रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, शेजारून केसरीबाताचा वास येतोय, आणि आमच्या घरात चूल थंड, दार लोटलेलं, पांढऱ्या कपड्यातली माणसं पाणीसुद्धा न पिता बसलेली. शेजारच्या अम्मा दर वर्षी काळजीने विचारायच्या, घरात काही झालंय का? आजी आपल्या मोडक्या कन्नडात सांगायची, काही नाही बाई, आमचा सण आहे. उपाशी राहून दार लावून बसायचं आणि त्याला सण म्हणायचं, हे त्या अम्मांना शेवटपर्यंत पटलं नाही.

वर्तमानपत्रं ज्याला योम किप्पूर म्हणतात, ती आमची दारफळणी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. आडनावावरून कुणी ओळखणार नाही आणि बोलण्यावरून तर नाहीच. बाबा साठच्या दशकात विमानाच्या कारखान्यात नोकरीला म्हणून बंगळूरला आले. आजोबा गेल्यावर आजी अलिबागकडचं घर बंद करून आमच्याकडे आली. येताना तिनं पाटा-वरवंटा, तांब्याची पातेली आणि सगळं वर्षच्या वर्ष डोक्यात घालून आणलं.

आमच्या मूळपुरुषांची गोष्ट ती भाकऱ्या थापताना सांगायची. नवगावच्या समोर खडकांवर गलबत फुटलं. सात बाया नि सात बाप्ये तेवढे किनाऱ्याला लागले. जी प्रेतं वाहून आली ती तिथंच पुरली, बायांची एकीकडे, बाप्यांची एकीकडे. धर्माच्या पोथ्या समुद्रानं नेल्या. तोंडात राहिला तो एक ‘शेमा’, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. मग त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणू लागले शनवार तेली. हे कधी घडलं? हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ च्या सुमारास आमचा इतिहास लिहिला, तो छापून निघाला १९३७ साली, थेट तेल अवीवला. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी पावणेदोनशे वर्षांचा धरलाय. इतिहासकार त्यावर मान हलवतात. आजीचा हिशेब सोपा होता: “आंग्र्यांच्या फार फार आधी.”

त्यानंतर कोणी डेव्हिड राहाबी आला. त्याला शंका, ही माणसं आपली खरी की कसं. त्यानं बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली. बायकांनी खवल्यांची नि परांची मासळी काढून घेतली, कोळंबी-खेकडे बाजूला सारले. झाली परीक्षा! राहाबी हजार वर्षांपूर्वी आला की अठराव्या शतकात कोचीनहून, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. आजीला त्याचं काही नव्हतं. परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि बायका पास झाल्या, हे तिला महत्त्वाचं.

आता वर्षाचं सांगते. हिब्रू वर्ष चंद्रावर चालतं. महिना अमावास्या सरली की सुरू, एकोणतीस नाहीतर तीस दिवसांचा. बारा महिने मिळून ३५४ दिवस भरतात, सूर्य पुढे पळतो, म्हणून मध्ये एक महिना जास्तीचा घालावा लागतो. हे मराठी घरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. अधिक मासात जावयाला अनारसे वाढणाऱ्यांना ते पाठच आहे. फरक इतकाच की आपला अधिक फिरता, कधी श्रावण कधी ज्येष्ठ. हिब्रू पंचांगात दुप्पट होतो तो एकच महिना, अदार, आणि तोही ठरलेल्या पाळीनं, १९ वर्षांत ७ वेळा. त्यामुळे एखाद्या वर्षी दोन्ही पंचांगं महिनाभर चुकतात. २०२३ ला आपला अधिक श्रावण येऊन गेला होता आणि तिकडचा जास्तीचा अदार अजून यायचा होता. तेव्हा आमचं नवं वर्ष घटस्थापनेला न येता गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी आलं. पुढच्या फाल्गुनात पुरीम, म्हणजे आमचा होळीचा सण, आणि होळी पुन्हा एकत्र.

आजीला यातलं गणित येत नव्हतं. तिला चंद्र येत होता. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर ती चष्मा कपाळावर चढवून वाचायची नि बोटांवर मोजायची. दसऱ्याला दारफळणी, कोजागिरीला मांडवाचा सण, फाल्गुनी पुनवेला होळीचा सण, चैत्री पुनवेला हनुमान जयंतीचा भोंगा वाजला की आपला वल्हांडण. एखादा दिवस मागे-पुढे होई. मग मुंबईच्या आत्याचं पोस्टकार्ड यायचं, त्यात सिनेगॉगमधून विचारून घेतलेल्या खऱ्या तारखा. तरी एक नियम आजीला पक्का ठाऊक होता, दारफळणी शुक्रवारी किंवा रविवारी कधी पडत नाही. शनिवारला खेटून आली तर लागोपाठ दोन दिवस चूल बंद राहील, म्हणून जुन्या जाणत्यांनी पंचांगातच तशी तजवीज करून ठेवली आहे. “बायकांचा विचार कुणीतरी केला म्हणायचा,” असं ती म्हणे. आणि दिवस सुरू व्हायचा तो संध्याकाळी. शुक्रवारी सूर्य कलला की काचेच्या टांगत्या दिव्यात तळाला पाणी, वर खोबरेल, त्यात वात. बंगळूरच्या डिसेंबरात ते खोबरेल थिजायचं आणि आजी डबी चुलीच्या कडेला ठेवून या शहराच्या हवेला नावं ठेवायची.

नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, चिकाचा हलवा. हा मात्र सावकाश सांगायला हवा. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो निवळला की वरचं पाणी ओतून द्यायचं. मग नारळाचं दूध, साखर, चीक एकत्र करून मंद आचेवर घोटत राहायचं. घोटणारा हात थांबला की संपलं. आई दमली की आत्या, आत्या दमली की आम्ही पोरं. कडेनं तेल सुटू लागलं, कालथ्याला गोळा चिकटेना, की परातीत ओतून वर बदामाचे काप, थंड झाल्यावर वड्या. गाईचं दूध घालायचं नाही, कारण त्या दिवशी जेवणात मटण. मांस आणि दूध एका जेवणात आम्हाला चालत नाही. कोकणानं नारळ दिला म्हणून आमचा धर्म निभावला, असं माझं स्पष्ट मत आहे. प्याल्यात दारू नाही, काळ्या मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत. नव्या तांदळाची खीर पुढे थोड्याच दिवसांनी, खिरीच्या सणाला. तिच्यात गूळ आणि पुन्हा नारळाचंच दूध.

दारफळणीच्या आधी थोरामोठ्यांना भेटून वर्षभराचं बोललं-चाललं माफ करून घ्यायचं. आमच्यात पाया पडत नाहीत, हातबोशी करतात. समोरच्याचे हात आपल्या हातात घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. बंगळुरात हातबोशीला माणसं थोडी. आजी मग आमच्याच हातांची पुन्हापुन्हा करायची. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा.

वल्हांडणाचं जुनं नाव अनशी धाकाचा सण. आंबट अनशीचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचे म्हणे. मला हे आजीकडून ऐकून माहीत, पाहिलेलं नाही. पाहिलेली आहे ती कल्हई. सणाआधी घर चुन्यानं पांढरं व्हायचं आणि सगळी पातेली कल्हईवाल्याकडे जायची. रात्री आजोबांची जुनी हगादा निघे, मिसरातून सुटकेची कथा, मराठी अर्थासकट. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हगादेत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात बसलेल्या दाखवल्यात. ते चित्र मी मोठेपणी पाहिलं आणि आजीचीच बैठक वाटली.

आणि बिरड्याचा सण. अव महिन्याची नवमी, म्हणजे श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागे. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा हा दुखवटा. मांस-मच्छी नाही, केळीच्या पानावर वालाचं बिरडं. बंगळूरला आल्यावर आजीला पहिली चिंता वालांची पडली होती. थंडीत बाजारात गेली तर काय, अवरेकाळूंचे ढीगच्या ढीग! विश्वेश्वरपुरमकडे तर त्याची जत्राच भरते, आणि भिजवून, चिमटून सालं काढलेली हितकिद बेळे तयार मिळतात. आजी हरखली. रात्रभर वाल सोलून नखं दुखवणारी बाई ती. फक्त चव घेतल्यावर म्हणाली, गोडे आहेत, आपल्या कडव्यांची सर नाही. शिवाय हे ताजे दाणे डिसेंबर-जानेवारीतले, सण श्रावणात. तेव्हा शेवटी अलिबागहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून सुके कडवे वाल मागवावेच लागत.

कुणी म्हणतं, यांनी सणांची नावं, सोंगं, पुरणपोळ्या सगळं हिंदूंकडून उचललं. उपासाला रोजा म्हणतात ते मुसलमानांकडून. मला ही भाषा आळशी वाटते. एकाच चंद्राखाली, एकाच वाडीत राहणाऱ्यांचे सण एकाच पुनवेला आले तर पुरणही एकाच दिवशी शिजणार. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या लोकांनी अब्राहाम-योसेफाच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. तीही काही उसनवारी नव्हती. त्यांना गोष्ट सांगायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

म्हैसूरकडे जायचं झालं की थोरल्या काकांची गोष्ट ठरलेली. सामाजी हसाजी दिवेकर, कागदोपत्री सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. जिवावर बेतलं तेव्हा जात विचारली, ते म्हणाले बेने इस्राएल. टिपूच्या आईच्या कानी ते नाव गेलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ती माणसं मी अजून पाहिली नाहीत, यांना सोडा, असं ती म्हणाली. सुटलो तर मंदिर बांधीन हा नवस दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला फेडला. मशीद बंदर हे नाव त्या सिनेगॉगवरूनच पडलं असं आमचे लोक सांगतात. पुढच्याच वर्षी दिवेकर कोचीनला वारले. राजमातेचं बोलणं कोणी टिपून ठेवलं होतं, हे काकांना विचारायची सोय नव्हती. १७९६ मात्र पक्कं. त्याच म्हैसूर रोडवर बंगळूरची ज्यू दफनभूमी आहे, १९०४ साली महाराजांनी दिलेल्या जागेवर. दुकानं आणि बसगाड्यांच्या गर्दीत तिचं फाटक चटकन दिसत नाही.

१९४८ च्या सुमारास आम्ही वीसेक हजार होतो. बहुतेक इस्राएलला गेले. तिथं आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही यावरून वाद झाला, धरणं धरावं लागलं, १९६४ ला तो मिटला. तिकडून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघू लागलं. आत्या गेली ती तिकडेच. बंगळुरात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं बाबांच्या नाकी नऊ आणायचं. पाव्हणे, विद्यार्थी, कुणी सैन्यातलं, असं करत आकडा भरे. मलिद्याला मात्र आकडा लागत नाही. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. भोवती फळं, गुलाबाची फुलं. एलियाहू नबीचं गाणं म्हणायचं आणि वाटून खायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, नबीचा रथ तिथून आकाशात गेला असं मानतात. शबात महिन्याच्या पुनवेला तिथं माणसं मलिदा घेऊन जातात.

तुम्ही अलिबागला जाल तेव्हा किल्ला बघाच, पण इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, १८४८ चं, तिथंही डोकवा. आणि तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस शेजारच्या शनवार तेल्यांच्या हलव्याची, बिरड्याची, दार लावून बसण्याची आठवण सांगत असेल तर लिहून घ्या. तारीख आठवली नाही तर तिथी विचारा. आमच्यातले जुने लोकही तिथीवरच सांगायचे.