मिल्क बँक म्हणजे काय? आईचं दूध कमी पडलं तर बाळाची सोय कशी होते, जाणून घ्या

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं, वजन कमी भरलं, की त्याला तालुक्याहून जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षात हलवतात. आईचं सिझर झालेलं असेल तर ती अनेकदा मागेच राहते. कुणाला सुरुवातीला दूधच पुरेसं येत नाही. मग बाळाला पाजायचं काय? अशा वेळी उपयोगी पडते ती मानवी दुग्धपेढी, म्हणजेच मिल्क बँक. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

दूध कोण देतं?

स्वतःच्या बाळाला पाजून ज्यांचं दूध उरतं, अशा माता ते स्वेच्छेने देतात. त्यांना पैसे मिळत नाहीत. एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांची तपासणी केली जाते. तंबाखू, मिश्री किंवा दारूची सवय असलेल्या महिलेचं दूध घेत नाहीत.

ते सुरक्षित असतं का?

हो. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून लगेच थंड करतात. जंतूंची तपासणी करून उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. त्यामुळे ‘दुसऱ्या बाईचं दूध कसं पाजायचं?’ म्हणून घाबरू नका.

कोणत्या बाळाला देतात?

आधी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या आणि आजारी बाळांना. त्यांची आतडी नाजूक असतात. पावडरच्या दुधापेक्षा या दुधाने आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो.

तरी आईचं दूध पहिलं

तापवल्याने दुधातली काही रोगप्रतिकारक तत्त्वं कमी होतात. म्हणून मिल्क बँक ही तात्पुरती सोय समजा. बाळ दूर असलं तरी आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हात स्वच्छ धुऊन दूध काढत राहावं. नाहीतर दूध आटतं.

हे टाळा

शेजारणीचं न तपासलेलं दूध, मध, घुटी बाळाला देऊ नका. मानवी दुधाची विक्री करता येत नाही, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ऑनलाइन दूध मागवू नका.

प्रत्येक रुग्णालयात ही सोय नसते. बाळ दाखल करतानाच सिस्टरला दोन गोष्टी विचारा: इथे मिल्क बँक आहे का? आणि आईचं दूध कसं व कधी आणून द्यायचं?