नाव त्यांच्या यादीत, करार यांच्या कपाटात : रशियन हॉकीपटू आणि एनएचएलचा ड्राफ्ट

आजचा विषय हॉकीचा आहे. पण हॉकी म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद येतात, ती ही हॉकी नाही. ही बर्फावरची हॉकी, पायात स्केट्स घालून खेळायची. या खेळातली सगळ्यात श्रीमंत लीग म्हणजे उत्तर अमेरिकेतली एनएचएल. आपण आज सामन्यांबद्दल फारसं बोलणार नाही, बोलणार आहोत ते कागदांबद्दल. कारण गेली पन्नास वर्षं रशियन खेळाडू आणि एनएचएल यांच्यामधली खरी झटापट कागदांवरच झाली आहे.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे ज्याच्या थैलीत पैसा, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, वाटणी असते. दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासची जगभरातली मुलं एका यादीत येतात आणि संघ एकेक करून नावं उचलतात. आदल्या हंगामात जे संघ तळाला होते त्यांना साधारणपणे आधी निवडायला मिळतं. एकदा नाव उचललं की एनएचएलमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला त्या मुलाशी करार करता येत नाही. मुलाला विचारलं जात नाही. तो हजारो मैलांवर दुसऱ्याच क्लबशी करारबद्ध असला तरी त्याचं नाव उचलता येतं. गोम इथेच आहे. नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं नाही.

२८ जून २०२३. नॅशव्हिल शहरात ड्राफ्ट चालला होता. पहिला कॉनर बेडार्ड जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण निव्वळ खेळ पाहिला तर बेडार्डनंतर मात्वेई मिच्कोव, असं म्हणणारे जाणकार पुष्कळ होते. अठरा वर्षांचा मुलगा, रशियाच्या केएचएलमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध सोचीकडून २७ सामन्यांत २० गुण मिळवलेला. तरी एकामागून एक सहा संघांनी त्याला सोडलं. पाचव्या क्रमांकावर मॉन्ट्रियलने एक ऑस्ट्रियन बचावपटू घेतला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी आरडाओरड केली. सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने मिच्कोवचं नाव पुकारलं. कारण उघड होतं. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबशी त्याचा करार होता आणि तो २०२६ पर्यंत चालणार होता.

आता तीन वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटेल. ही भीती कुठून आली ते समजायला १९७५ पर्यंत मागे जावं लागतं.

१९७५ साली रीगाच्या व्हिक्टर खातुलेव या खेळाडूचं नाव नवव्या फेरीत, १६०व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला सोव्हिएत खेळाडू. निवडणारा संघ होता फिलाडेल्फिया, तोच. खातुलेव एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. मग हे क्रमांक पाहा. व्लादिस्लाव त्रेत्याक, जगातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, तो १९८३ साली १३८वा. व्याचेस्लाव फेतिसोव त्याच वर्षी १५०वा. सर्गेई मकारोव २३१वा. इगोर लारिओनोव १९८५ साली २१४वा. व्लादिमिर क्रुतोव १९८६ साली २३८वा. जगातली सर्वोत्तम फळी ही, आणि क्रमांक लॉटरीच्या तिकिटांसारखे. संघांच्या दृष्टीने ती तिकिटंच होती. शेवटच्या फेऱ्यांमधून तसाही क्वचितच कुणी खेळाडू घडतो, मग एखादं नाव मॉस्कोतलं का असू नये! लागलं तर लागलं. अशा निवडीत संघाचा धोका जवळपास शून्य होता.

धोका कुणाचा होता ते फेतिसोवच्या बाबतीत दिसतं. तो खेळायचा सेस्का मॉस्कोकडून, म्हणजे लष्कराच्या क्लबकडून. तिथले खेळाडू कागदोपत्री लष्करी अधिकारी. त्यामुळे क्लब सोडणं म्हणजे नोकरीचा राजीनामा देणं नव्हे, तर फौजेतून मुक्तता मिळवणं. प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव खेळाडूंना वर्षातला मोठा काळ शिबिरात बंदिस्त ठेवायचे. ऑक्टोबर १९८८ मध्ये लारिओनोवने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात तिखोनोवना उद्देशून खुलं पत्र लिहिलं आणि ही घुसमट चव्हाट्यावर आणली. फेतिसोव तर कर्णधार. जाऊ देण्याचं आश्वासन त्याला मिळालं आणि मग ते मागे घेतलं गेलं. न्यू जर्सी संघाच्या लू लॅमोरिएलोने त्याला पळून येण्याचा मार्गही सुचवला होता. फेतिसोव नाही म्हणाला. जाईन तर समोरच्या दाराने जाईन, हा त्याचा हट्ट. त्याला संघाबाहेर काढलं गेलं, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी जाहीर सांगितलं की तो नसेल तर आम्हीही विश्वचषकाला खेळणार नाही. अखेर १९८९ साली तो रीतसर अमेरिकेत आला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. उमेदीची वर्षं मॉस्कोतच गेली होती. त्रेत्याकला तर तेवढंही मिळालं नाही. परवानगी न मिळता तो १९८४ साली निवृत्त झाला आणि एनएचएलचा एकही सामना न खेळता १९८९ साली टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

(एक गंमत सांगतो. मकारोवही १९८९ सालीच कॅल्गरीला आला आणि एकतिसाव्या वर्षी त्याने सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी जिंकली. लीगला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढे नवोदितांसाठी वयाची अट घातली गेली.)

त्याच वर्षी मे महिन्यात वीस वर्षांच्या अलेक्सांद्र मोगिल्नीने दुसरा रस्ता धरला. स्टॉकहोममधली विश्वस्पर्धा संपली आणि तो संघासोबत परत गेलाच नाही. बफेलो संघाने त्याला आदल्या वर्षी ८९व्या क्रमांकावर उचललं होतं. संघाची माणसं स्वीडनला जाऊन त्याला घेऊन आली. इकडे मॉस्कोत त्याच्यावर फौजेतून पळाल्याचा गुन्हा दाखल झाला. मागे आईवडील होते, आणि परत जाता येईल की नाही हे ठाऊक नव्हतं. पुढे १९९२-९३ च्या एका हंगामात त्याने ७६ गोल केले. बफेलोने यासाठी काय मोजलं? पाचव्या फेरीतली एक निवड. १९९० साली सर्गेई फेदोरोव अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पोर्टलंडच्या हॉटेलातून निघून डेट्रॉइटला गेला, तीच तऱ्हा.

सोव्हिएत संघ कोसळला आणि नव्वदच्या दशकात सगळी दारं उघडली. रशियन क्लबांना पैशाची निकड होती, एनएचएलकडे पैसा होता. या काळाबद्दल फार थांबण्यासारखं नाही. खेळाडू येत राहिले, क्लबांना भरपाई मिळत राहिली.

पेच पुन्हा पडला तो २००५ साली. एनएचएल आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ यांच्यात खेळाडू सोडण्याबद्दलचा नवा समझोता झाला. खेळाडूमागे साधारण दोन लाख डॉलर क्लबला द्यायचे, असा त्याचा हिशोब. रशियाने सही करायला नकार दिला. आणि इथे रशियन क्लबांची बाजू समजून घेतली पाहिजे, अमेरिकन वर्तमानपत्रांत ती फारशी येत नाही. उरल पर्वताजवळचं माग्नितोगोर्स्क हे पोलादाचं शहर. तिथे जन्मलेल्या पोराला तिथल्याच क्लबने लहानपणापासून बर्फावर उभं केलं, शिकवलं, मोठं केलं. तो जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत गणला जायला लागला की कुणीतरी दोन लाख डॉलर टेबलावर ठेवणार आणि त्याला घेऊन जाणार. हा सौदा मलाही न्याय्य वाटत नाही.

तो पोरगा म्हणजे येवगेनी माल्किन. २००४ च्या ड्राफ्टमध्ये पिट्सबर्गने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. आता हे १६०व्या क्रमांकाचं तिकीट नव्हतं. संघाचं पुढच्या दहा वर्षांचं भवितव्य त्यात गुंतलेलं होतं. ऑगस्ट २००६ मध्ये क्लबची माणसं त्याच्या घरी गेली. रात्र उलटेपर्यंत बोलणी, आर्जवं, दबाव, आणि शेवटी त्याने आणखी एका वर्षाच्या करारावर सही केली. काही दिवसांनी संघ सरावासाठी हेलसिंकीला गेला आणि तिथून माल्किन नाहीसा झाला. थोडे दिवस लपून राहिला आणि मग लॉस एंजेलिसला उतरला. रशियन कामगार कायद्याप्रमाणे दोन आठवड्यांची नोटीस देऊन नोकरी सोडता येते, याच आधारावर त्याने क्लबला कळवलं की मी राजीनामा देतो आहे. मोगिल्नी फौजेतून पळाला, माल्किनने नोटीस दिली. सतरा वर्षांत एवढा फरक पडला. क्लबने अमेरिकेतल्या न्यायालयात धाव घेतली, पण माल्किनला खेळण्यापासून रोखायला न्यायालयाने नकार दिला. पहिल्या सहाही सामन्यांत त्याने गोल केला.

यातून रशियन क्लबांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. भरपाई मिळणार नसेल तर हातात एकच हत्यार उरतं, ते म्हणजे लांब मुदतीचा करार आणि चांगला पगार. २००८ साली केएचएल स्थापन झाली आणि पगार खरोखरच चांगले झाले. आयपीएलसाठी परदेशी खेळाडूला त्याच्या मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मंडळं एकमेकांशी भांडतात, पण निदान बोलतात. इथे दोन लीगमध्ये अशी भरपाईची वाटच उरली नाही. करार संपेपर्यंत थांबा, नाहीतर क्लब आपणहून सोडेल याची वाट पाहा.

याचा पहिला फटका अलेक्सेई चेरेपानोवला बसला. रशियाच्या वरिष्ठ लीगमध्ये पहिल्याच हंगामात १८ गोल करणारा हा मुलगा २००७ साली युरोपातल्या खेळाडूंमध्ये पहिल्या क्रमांकावर धरला गेला होता. ड्राफ्टमध्ये तो १७व्या क्रमांकापर्यंत घसरला. न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला घेतलं. तो येईल का, कधी येईल, याची चर्चा चालू असतानाच १३ ऑक्टोबर २००८ रोजी चेखोव शहरातल्या सामन्यात तो बाकावर कोसळला आणि गेला. वय एकोणीस. रुग्णवाहिका तेव्हा मैदानावर नव्हती.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. करारात अडकलेल्या रशियन मुलाला निवडण्यात नेमका धोका कसला? तो कधीच येणार नाही, हा? आकड्यांपेक्षा उदाहरणं पाहा. वॉशिंग्टनने २०१० साली येवगेनी कुझनेत्सोवला २६व्या क्रमांकावर घेतलं. जनरल मॅनेजर होते जॉर्ज मॅक्फी. कुझनेत्सोव आला मार्च २०१४ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात मॅक्फींची नोकरी गेली. २०१८ साली वॉशिंग्टनने पहिल्यांदा स्टॅन्ली कप जिंकला, बाद फेऱ्यांत ३२ गुण मिळवून कुझनेत्सोव सगळ्यांच्या पुढे राहिला. आणि अंतिम फेरीत हरलेल्या व्हेगस संघाचे जनरल मॅनेजर कोण? जॉर्ज मॅक्फी. स्वतः लावलेल्या आंब्याचा बाठा डोक्यात बसावा तसं झालं.

किरिल कप्रिझोवचंही तसंच. मिनेसोटाने त्याला २०१५ साली पाचव्या फेरीत १३५वा घेतला. तो आला २०२० मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्याने रशियासाठी ऑलिंपिक अंतिम सामन्यातला विजयी गोल मारला. तेवढ्याच काळात मिनेसोटाचे दोन जनरल मॅनेजर घरी गेले आणि तिसऱ्याच्या हाती हा खेळाडू आला. २०२५ साली त्याच्याशी आठ वर्षांचा १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार झाला, एनएचएलच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा.

म्हणजे रशियन खेळाडू बहुधा येतो, पण तो ज्याने निवडला त्याच्यासाठी येत नाही. संघाला दहा वर्षं थांबता येतं. समझोता नसल्यामुळे रशियन खेळाडूवरचा हक्क प्रत्यक्षात वर्षानुवर्षं संघाकडेच राहतो. जनरल मॅनेजरला मात्र दोन हंगामांत निकाल दाखवावा लागतो. सहा संघांनी मिच्कोवला सोडलं त्याला युद्ध कारणीभूत होतंच. २०२२ पासून रशियाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी, त्यामुळे स्काउट मंडळींना त्याला डोळ्यांनी नीट पाहताही येत नव्हतं. पण माझ्या मते घड्याळ हे त्याहून मोठं कारण होतं. फिलाडेल्फियाचे डॅनी ब्रिएर नुकतेच नेमले गेले होते, संघ नव्याने बांधायला वेळ लागेल हे त्यांनी उघड सांगितलेलं. त्यांना थांबणं परवडत होतं.

आणि ते आंधळेपणाने थांबले असं कुणी म्हणू नये. आदल्याच वर्षी याच फिलाडेल्फियाने इवान फेदोतोव या गोलरक्षकाशी करार केला होता. १ जुलै २०२२ रोजी लष्करी सेवा टाळल्याच्या आरोपावरून त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये ताब्यात घेतलं गेलं आणि उत्तरेला, सेवेरोमोर्स्कच्या नाविक तळावर पाठवलं गेलं. तो अमेरिकेत पोहोचला मार्च २०२४ मध्ये. तेव्हा सर्वात वाईट काय होऊ शकतं हे या संघाला नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं असतं.

मिच्कोवच्या निवडीआधी, एप्रिल २०२३ मध्ये, त्याचे वडील वारले होते. निवडीनंतर तो रशियाला परतला आणि पुन्हा सोचीकडून खेळला. मग २०२४ च्या उन्हाळ्यात एसकेएने करार दोन वर्षं आधीच मोकळा केला. १ जुलै २०२४ रोजी त्याने फिलाडेल्फियाशी सही केली आणि पहिल्या हंगामात ८० सामन्यांत २६ गोल आणि ६३ गुण मिळवले.

त्याच्या आधी, सहाव्या क्रमांकावर, ॲरिझोनाने दिमित्री सिमाशेव या दुसऱ्या रशियन मुलाला घेतलं होतं. तोही यारोस्लाव्हलच्या क्लबशी करारबद्ध होता. तो २०२५ साली खेळायला आला तेव्हा ॲरिझोनात एनएचएलचा संघच उरला नव्हता. खेळाडू आणि निवडीचे हक्क सगळे युटाला गेले होते, म्हणून तोही युटाला गेला.