एका कातार्‍याचा खटला

मनोविकार आणि न्याय या विषयावर एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीचे. परंतु पुष्कळ वर्षांपूर्वी साचेखात्यातील एका विणकराच्या खातेअंतर्गत चौकशीत आम्ही त्याचे प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. कानात कोणी बोलते, असे तो महिनाभर सांगत होता. एके दिवशी त्याने जॉबरच्या डोक्यात धोटा घातला. चौकशी अधिकार्‍यांनी एकच प्रश्न केला, “मारणे वाईट, हे तुला ठाऊक होते ना?” तो म्हणाला, “होय साहेब.” चौकशी तेथेच संपली आणि त्याची नोकरीही. त्यावर काय बोलावे हे आम्हांला त्या दिवशी सुचले नाही.

तोच प्रश्न फार पूर्वी एका दुसर्‍या कामगाराच्या बाबतीत विचारला गेला होता. डॅनियल मॅक्नॉटन हा ग्लासगोचा कातारी. टोरी पक्षाचे लोक आपल्या पाठीवर आहेत, आपला जीव घेणार आहेत, या भ्रमाने तो वर्षानुवर्षे पछाडलेला होता. २० जानेवारी १८४३ रोजी लंडनच्या रस्त्यात त्याने पंतप्रधान पील यांचे खाजगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. पाच दिवसांनी ड्रमंड वारले.

फाशी अटळ दिसत होती. परंतु त्याचे वकील अलेक्झांडर कॉकबर्न यांच्या हाती एक ग्रंथ होता. वेड आणि न्यायवैद्यक यांवरील हा ग्रंथ १८३८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. लेखक आयझॅक रे हे मेन राज्यातील ईस्टपोर्ट या लहानशा बंदरगावचे डॉक्टर, वय अवघे एकतीस. फ्रेंच आणि जर्मन वैद्यांची निरीक्षणे गोळा करून त्यांनी दाखवून दिले की, मनोरुग्णालयातील पुष्कळ रोग्यांना चांगले-वाईट कळते. तरीही भ्रमाच्या तावडीत त्यांचे स्वतःवर नियंत्रण राहत नाही. तेव्हा ‘कळत होते का?’ एवढ्यावर माणसाचा निवाडा करता येत नाही.

कॉकबर्न यांनी या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. बचावाच्या डॉक्टरांच्या साक्षी खोडण्यासाठी सरकारपक्षाने एकही डॉक्टर उभा केला नाही. न्यायमूर्ती टिंडल यांनी खटला आवरता घेतला आणि ज्यूरीने जागेवरूनच निर्दोष ठरवले. मॅक्नॉटन सुटला मात्र नाही; प्रथम बेथलेम आणि १८६४ पासून ब्रॉडमूर या रुग्णालयांत त्याने उरलेले आयुष्य काढले. तो १८६५ साली वारला.

या खटल्याची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. साक्ष देणार्‍यांत फोर्ब्स विन्स्लो यांच्यासारखे डॉक्टर होते, ज्यांनी आरोपीला तपासलेही नव्हते. कोर्टात बसून ऐकले, तेवढ्यावर मत दिले. मनोरुग्णांचा विशेष अनुभव नसलेल्या डॉक्टरांना तज्ज्ञ म्हणून उभे करण्याविरुद्ध रे यांनी आधीच लिहिले होते. केवळ पदवी पुरत नाही, हे त्यांचे म्हणणे कारखान्यात कोणालाही पटेल. नुसते पुस्तक वाचून कोणी कातारी होत नाही.

राणी व्हिक्टोरिया निकालाने संतापल्या. उमरावांच्या सभेने न्यायाधीशांना प्रश्न घातले आणि जून १८४३ मध्ये उत्तर आले: मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूप, अथवा ते वाईट आहे हे, कळत नव्हते असे सिद्ध झाले तरच आरोपी सुटेल. म्हणजे पुन्हा तोच जुना प्रश्न! तोच १८६०च्या भारतीय दंडविधानात कलम ८४ म्हणून आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम २२ म्हणून राहिला.

रे मात्र थांबले नाहीत. प्रॉव्हिडन्सचे बटलर रुग्णालय चालवता चालवता त्यांनी ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश चार्ल्स डो यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. त्या राज्याने १८७१ पर्यंत जुनी कसोटी सोडली. कृत्य रोगातून घडले की नाही, हे ज्यूरीने पुराव्यावरून ठरवावे असे मानले. इंग्लंडात हेन्री मॉड्स्ली यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८६९ ते १८७९ न्यायवैद्यक शिकवले. पुढे त्यांनी लंडनच्या कौंटी कौन्सिलला तीस हजार पौंड देऊ केले. अट अशी की, रुग्णालयात उपचारांबरोबर अध्यापन व संशोधनही चालावे. १९२३ साली ते नागरिकांसाठी उघडले, तेव्हा मॉड्स्ली हयात नव्हते.

कायद्याचे शब्द बदलले नाहीत, तरी या विद्येमुळे त्यांत किती मावते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या एका पोलीस शिपायाला २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ८४चा लाभ दिला. आधीपासूनचे उपचार, घराण्यातील आजार, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत रुग्णालयात झालेले पंचवीस वेळचे उपचार, या सार्‍या नोंदी न्यायालयाने पाहिल्या. कोणा डॉक्टराने त्या नीट लिहून ठेवल्या होत्या म्हणूनच त्या पाहता आल्या.

आमच्या विणकराची अशी एकही नोंद नव्हती. आवाज केव्हापासून येतात, काय सांगतात, घरच्यांना केव्हा जाणवले, हे विचारायला शिकलेला माणूस त्या खोलीत नव्हता, आम्हीही नव्हतो. “होय साहेब” हे त्याचे उत्तर खरेच होते. प्रश्नच अपुरा होता.