मुंबईचा खोकला, गावची नोंद

सातारा-सांगलीकडील मरणांचा इतिहास सांगावयास बसले की लोक प्लेगपासून आरंभ करतात. प्लेगात माणसे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिली, म्हणून तो आठवणीत राहिला. क्षयासाठी कोणी गाव सोडले नाही. उलट क्षय जडलेला माणूस गावाकडे परत आला. आम्ही काही डॉक्टर नव्हे. परंतु जुन्या कामगारांच्या तोंडून जे ऐकले व पुढे पुस्तकांत जे वाचले, ते ताडून पाहता हीच गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

माण, खटाव, पाटण, जावळीचे तरुण मुंबईच्या गिरण्यांत जात. गावमंडळाच्या एका खोलीत वीस-वीस माणसे. एकाची पाळी सुटे तेव्हा दुसऱ्याची सुरू होई. खोली रिकामी अशी कधी नसेच. बदली कामगार अंगात ताप असतानाही गिरणीच्या दारात उभा राही, कारण खाडा म्हणजे उपास. अखेर उभे राहवेना, की खोलीतली माणसे वर्गणी काढून त्यास गाडीत बसवीत. पुण्यास गाडी बदलून तो सातारा रोडला वा कराडला उतरे. तो गेला की गावच्या पुस्तकात ‘ताप’ किंवा ‘खोकला’ एवढीच नोंद होई. रोग मुंबईचा, मरण माणच्या खाती!

भोर समितीने १९४६ साली देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रोगी व वर्षाला ५ लाख मृत्यू असा अंदाज दिला. खाटा होत्या सहा हजारांच्या आसपास. त्या मानाने सांगलीकर भाग्यवान. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस मिशनचे रुग्णालय काढले होते, आणि सांगली-मिरज रस्त्यावर वान्लेसवाडीचे आरोग्यधामही होते. पण आरोग्यधाम म्हणजे महिनोन्‌महिने विश्रांती. तोवर घरच्यांनी खावे काय?

१९५५ ते ५८ च्या देशव्यापी पाहणीत क्षय खेड्यांतही शहरांइतकाच आढळला. आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. अर्थात सारा दोष गिरण्यांवर टाकणे बरोबर नव्हे. अर्धपोटी राहणे व कोंदट घर गावीही होतेच.

मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, वर्षभर नेमाने औषध घेतल्यास रोगी घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना त्यापासून अधिक धोकाही नसतो. गरिबाच्या दृष्टीने एवढा मोठा शोध दुसरा नसेल. मात्र खोकला थांबला की औषधही थांबे, ही खोड जुनीच.

मुंबईच्या कारखान्यांतील कामगारांस १९५४ पासून राज्य विम्यामुळे आजारपणात थोडा पैसा मिळू लागला. सांगलीच्या हळदपेठेत पोती वाहणारा हमाल त्यात बसत नव्हता. त्याच्यासारख्यांसाठी माथाडी कायदा झाला तो १९६९ साली. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्याचेच.

आजही जुना कामगार वारला की आम्ही घरी जाऊन विचारतो, कोणत्या खात्यात होते, किती वर्षे होते. मृत्यूच्या दाखल्यावर त्यासाठी रकाना नाही.